दुखणे खरे, चौकशी अपुरी

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतील असो वा नव्या वस्तीतील, कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर सकाळच्या वेळी दृष्टी टाकली, तर मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेली, साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे तेथे हटकून आढळतात. त्या पिशवीत क्ष-किरण तपासणीच्या फिल्मा असतात, घड्या पडून पुसट झालेल्या ईसीजीच्या पट्ट्या असतात, तीन-चार निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात, आणि नाव छापलेला भाग कात्रीने कापला गेल्यामुळे कोणती गोळी कशाची हे कोणालाच उमगू नये अशी अर्धवट उरलेली पाकिटेही असतात. डॉक्टरांसमोर ही पिशवी उलगडली जाते आणि तिच्यासोबत तक्रारींची यादीही उलगडते: "मले निस्तं घाबरल्यासारखं होते", "आंग मोडून येते", "पायाले मुंग्या येतात", "अन्नच गोड लागत नाही", "रातभर डोयाले डोया लागत नाही". नाडी पाहिली जाते, रक्तदाब मोजला जातो, फार तर पुन्हा एकदा रक्त तपासले जाते. विशेष काही निघत नाही. "आता वय झालं, असं व्हायचंच" या शब्दांनी समजूत घातली जाते. शक्तीची एक सुई, पित्ताची एक गोळी आणि झोपेची एक गोळी यांवर प्रकरणाचा निकाल लागतो. आणि पंधरवडा लोटतो न लोटतो तोच ती व्यक्ती त्याच पिशवीसह त्याच बाकावर पुन्हा रुजू होते.

या तक्रारी कपोलकल्पित नाहीत, आणि वार्धक्याचा अटळ भोग म्हणून त्यांची बोळवण करणेही न्याय्य नाही. त्यांतील कितीतरी तक्रारींचे मूळ शोकात, एकाकीपणात, उद्याच्या भयात, घरातून हळूहळू बेदखल होत गेल्याच्या जाणिवेत असते. परंतु वृद्धाची कैफियत शरीरापर्यंतच नोंदवून घ्यायची आणि पुढील पान कोरेच ठेवून दप्तर बांधायचे, अशी वहिवाट आपल्या दवाखान्यांनी, आपल्या घरांनी आणि आपल्या सरकारनेही पाडली आहे. ही वहिवाट मोडणे आवश्यक आहे. आणि ती मोडता येते याचा पुरावा दूरदेशी शोधण्याचे कारण नाही, कारण तो या अमरावती जिल्ह्यातच निर्माण झालेला आहे.

मनाचे दुःख शरीरात उतरते ही गोष्ट आपल्या परंपरेला अपरिचित नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कोणत्या गोष्टीत कोण श्रेष्ठ याची जी प्रदीर्घ गणना आहे, तीत रोग वाढविणाऱ्या कारणांमध्ये विषादाला अग्रस्थान दिलेले आहे. आधुनिक वैद्यकाने या निरीक्षणामागील यंत्रणा उलगडून दाखविली आहे. दीर्घकाळ चिंतेत असलेल्या माणसाच्या शरीरात कॉर्टिसोलसारख्या द्रव्यांचे नेहमीचे चक्र बिघडते; हृदयाची आणि आतड्यांची गती सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था सतत सावध राहते, त्यामुळे छाती धडधडते, पोट बिघडते, घाम फुटतो; भयाच्या भरात श्वास उथळ आणि जलद होऊन रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटला, की हातापायांना आणि ओठांभोवती प्रत्यक्ष मुंग्या येतात; मेंदूतील ज्या रसायनांचा मनःस्थितीशी संबंध आहे, त्यांतील सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही वेदनेच्या संदेशांवर नियंत्रण ठेवण्याचेही काम करीत असल्यामुळे, उदास माणसाचे जुने गुडघे पूर्वीपेक्षा अधिक दुखतात; आणि झोप उडाली म्हणजे वेदना सोसण्याची शक्ती आणखी खालावते. म्हणजे वेदना खरी, मुंग्या खऱ्या, धडधडही खरी. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपले निदानविषयक नियम सुधारताना, शारीरिक लक्षणांच्या या विकारासाठी 'वैद्यकीय कारण सापडत नाही' ही जुनी अट वगळली, ती उगीच नव्हे. एखाद्या माणसाला संधिवातही असू शकतो आणि त्याच संधिवाताला शोकाची धारही चढलेली असू शकते. दोहोंपैकी एकच खरे मानण्याचा हट्ट वैद्यकाने सोडला, आता तो समाजाने सोडावयास हवा.

हा संबंध किती दूरवर जातो याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात सुप्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९५७ साली ज्यांच्या पत्नी निवर्तल्या अशा पंचावन्न वर्षांच्या व त्याहून अधिक वयाच्या ४,४८६ विधुरांचा नऊ वर्षे मागोवा घेतला आणि १९६९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या सहा महिन्यांतच त्यांपैकी २१३ जण मरण पावले होते. समवयस्क विवाहित पुरुषांच्या मानाने हे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी अधिक होते, आणि ही वाढ सर्वांत ठळकपणे दिसली ती हृदयविकाराच्या मृत्यूंमध्ये. पुढे १९९० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी अशा एका विकाराचे वर्णन केले, की ज्यात तीव्र मानसिक आघातानंतर हृदयाचा डावा कप्पा काही काळ फुगून दुबळा होतो, लक्षणे हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्याची असतात, परंतु रक्तवाहिनीत अडथळा सापडत नाही. आणि त्याचे रुग्ण बहुसंख्येने उतारवयातील स्त्रिया असतात. जोडीदाराच्या तेराव्यानंतर छातीवर हात ठेवून बसणाऱ्या बाईला "मनावर घेऊ नका" एवढाच सल्ला देऊन घरी पाठविणे किती अपुरे आणि प्रसंगी किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आता हे आपल्या गावाच्या संदर्भात पाहू. बडनेरा हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील जंक्शन. अमरावतीला जाणारा फाटा येथूनच फुटतो. त्यामुळे या गावातील तरुणांना पुण्या-मुंबईची वाट कोणाला विचारावी लागली नाही, आणि गेलेला मुलगा तिकडेच स्थिरावला तर त्यात त्याचा अपराधही नाही; पोटापाण्याचा प्रश्न असतो. मागे राहतात ते रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांचे आयुष्य ड्यूटीच्या घड्याळावर चालले आणि आता ज्यांच्या दिवसाला कोणतेच वेळापत्रक उरले नाही. बंद पडलेल्या गिरणीचे कामगार, ज्यांच्या तुटपुंज्या पेन्शनीत औषधाचा खर्चही निघत नाही. आसपासच्या खेड्यांतून मुलाकडे राहावयास आलेले शेतकरी, ज्यांचे नाव सातबाऱ्यावरून उतरले त्या दिवसापासून घरातील कोणत्याही व्यवहारात त्यांचा सल्ला विचारला गेला नाही. आणि सर्वांत अधिक संख्येने विधवा स्त्रिया, ज्यांनी पन्नास वर्षे ज्या घराचा कारभार हाकला त्या घरात आता त्यांच्या खाटेची जागाही दुसऱ्याच्या सोयीने ठरते. कापसाच्या भावाने आणि कर्जाने गांजलेल्या वऱ्हाडात ज्या घरातील कर्त्या मुलाने जीव दिला, त्या घरातील म्हातारे आईबाप तर या यादीत निराळेच गणले पाहिजेत. सून आणि नातवंडे यांच्यासाठी त्यांनी आपला आकांत गिळलेला असतो.

ही माणसे आपल्या दुःखाचा उच्चार शरीराच्याच द्वारे का करतात, याचा विचार सहानुभूतीने केला पाहिजे. सोसणे हाच पुरुषार्थ आणि सोसणे हाच स्त्रीधर्म, अशा शिकवणुकीत वाढलेली ती पिढी आहे. "मला एकटे वाटते" असे मुलाला सांगणे म्हणजे त्याच्यावर आरोप ठेवणे होय, आणि "मला जगावेसे वाटत नाही" असे म्हणणे म्हणजे घराण्याची बेअब्रू होय, अशी तिची समजूत असते. मनाच्या दुखण्यावर वेडाचा शिक्का बसण्याची धास्ती आजही ओसरलेली नाही. याउलट शरीराच्या दुखण्याला घरात मान आहे: गुडघा दुखतो म्हटले की तेल गरम होते, छातीत दुखते म्हटले की मुलगा कामावरून रजा काढतो, डॉक्टर हातात हात घेऊन नाडी पाहतो. अनेक वृद्धांच्या वाट्याला दिवसभरात येणारा मायेचा स्पर्श तेवढाच असतो. यात लबाडी नाही, ढोंग तर नाहीच नाही. जी वाट खुली ठेवली गेली त्याच वाटेने त्यांची वेदना बाहेर पडते, आणि ती वाट अरुंद ठेवणारे आपण आहोत.

या ठिकाणी एका उलट दिशेच्या चुकीचाही बंदोबस्त केला पाहिजे. मनाचा संबंध कळला म्हणून उठल्यासुटल्या "हे सारे मनाचे खेळ आहेत" असे म्हणण्याचा परवाना कोणाला मिळत नाही. उतारवयात थायरॉइडची मंदगती, जीवनसत्त्व बी-१२ ची उणीव, रक्तक्षय, यांपैकी प्रत्येक गोष्ट थकवा, मुंग्या आणि उदासी यांचे सोंग आणू शकते. मधुमेही वृद्धाला हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. आणि पाच डॉक्टरांच्या दहा गोळ्या एकत्र पोटात गेल्याने जे चक्कर-मळमळीचे प्रकार घडतात, त्यांचा दोष मनाच्या माथी मारणे हा अन्यायच होय. म्हणून शरीराची तपासणी प्रथम आणि पुरती झालीच पाहिजे. ती पिशवी एकदा टेबलावर रिकामी करून प्रत्येक गोळीचा हिशेब लागलाच पाहिजे. आणि विशेषतः झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचा प्रघात थांबला पाहिजे, कारण त्यांनी वृद्धांचा तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडते आणि स्मृतीही मंदावते. पण तपासणी निर्दोष आली म्हणजे चौकशी संपली असे नव्हे. सिग्नल लाल दिसतो म्हणून दिव्याची काच पुसून परत यावे आणि पुढच्या रुळाकडे कोणी पाहूच नये, असा कारभार रेल्वेच्या गावात कोणी क्षणभर चालू देणार नाही. माणसांच्या बाबतीत मात्र तो बिनदिक्कत चालतो.

या दुर्लक्षाचे मोजमापही झालेले आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने देशभर २०१७-१८ मध्ये वार्धक्याविषयीची जी विस्तृत पाहणी झाली, तिच्या पहिल्या फेरीत पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती गोळा करण्यात आली. साठीपुढील लोकांमध्ये प्रश्नावलीच्या निकषांवर तीव्र नैराश्याची शक्यता ८.३ टक्के आढळली. परंतु आपल्याला नैराश्याचे निदान झाले आहे असे सांगणारे होते अवघे ०.८ टक्के. म्हणजे दहा दुःखितांपैकी नऊ जणांच्या दुखण्याला नावच मिळालेले नव्हते. ते नऊ जण घरी स्वस्थ बसून असतील असे मला वाटत नाही; त्यांतील पुष्कळसे कोणत्या ना कोणत्या दवाखान्याच्या बाकावर अंगदुखीची औषधे घेत बसलेले असले पाहिजेत.

मग करायचे काय, आणि करणार कोण? मनोविकारतज्ज्ञ थोडे, तेही शहरात. दवाखान्यातील डॉक्टरसमोर शंभर रुग्णांची रांग. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याचे उत्तरही याच जिल्ह्याने दिलेले आहे. 'विश्राम' या नावाने विदर्भातील ताणतणाव आणि आरोग्य यांविषयीचा जो उपक्रम अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत राबविला गेला, त्यात गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवून तयार करण्यात आले. त्यांनी घरोघर जाऊन बोलावे, उदासी आणि चिंता ओळखावी, पहिला धीर द्यावा, प्रशिक्षित समुपदेशकाने पुढील भेटी घ्याव्यात आणि ज्याला औषधाचीच गरज आहे अशालाच तज्ज्ञाकडे पाठवावे, अशी त्याची योजना होती. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात त्याचे फलित मांडले: नैराश्य असलेल्यांपैकी मदतीसाठी कोणाकडे तरी पोहोचलेल्यांचे प्रमाण आरंभी ४.३ टक्के होते, ते अठरा महिन्यांनंतर २७.२ टक्क्यांवर गेले. तो उपक्रम सर्व प्रौढांसाठी होता, केवळ वृद्धांसाठी नव्हता. पण त्यातून एवढे निर्विवाद सिद्ध झाले, की योग्य माणूस दाराशी येऊन योग्य रीतीने विचारू लागला, तर वऱ्हाडातला माणूस बोलतो.

खास वृद्धांसाठीचा पुरावा शेजारच्या गोमंतकाने पुरविला आहे. तेथे साठ वर्षांवरील, नैराश्याच्या उंबरठ्यावर असलेल्या १८१ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाचा वृत्तान्त २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचीच सेवा मिळाली. उरलेल्या निम्म्यांकडे साधे, वैद्यकीय पदवी नसलेले पण प्रशिक्षित समुपदेशक जात राहिले. त्यांनी काय केले? समोरचा प्रश्न लहान लहान भागांत मांडून सोडवावयास शिकविले. झोपेची शिस्त लावून दिली. मधुमेहासारख्या दुखण्यात स्वतःची काळजी कशी घ्यावी हे सांगितले. आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्यास साहाय्य केले. वर्षअखेरीस नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी १४.४ टक्क्यांना तीव्र नैराश्याने गाठले होते, तर समुपदेशकांच्या भेटी लाभलेल्यांपैकी केवळ ४.४ टक्क्यांना. या योजनेतील शेवटचा घटक मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ज्या छातीतील धडधडीचे कारण उद्याच्या किराण्याची चिंता आहे, ती धडधड कोणत्याही गोळीपेक्षा मंजूर झालेल्या अर्जाने अधिक लवकर शमते.

म्हणून माझी मागणी अशी आहे. बडनेरा आज अमरावती महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पालिकेच्या आरोग्य केंद्रांत आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीसाठी येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला दोन प्रश्न विचारण्याचा आणि त्यांची उत्तरे नोंदवहीत लिहिण्याचा हुकूम निघावा: गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न, निराश राहिले काय, आणि ज्या कामांत पूर्वी गोडी वाटे त्यांत ती वाटेनाशी झाली काय? ज्याचे उत्तर होकारार्थी येईल त्याच्याशी वृद्धांसाठीच बनविलेल्या नैराश्यमापनाच्या पंधरा प्रश्नांच्या आधारे बोलावे. त्या प्रश्नावलीत भूक, झोप, दुखणे यांविषयीचे प्रश्न तिच्या निर्मात्यांनी मुद्दाम टाळलेले आहेत, कारण ती लक्षणे वयानेही येतात आणि मनानेही. आशा कार्यकर्तींना या कामाचे रीतसर प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा मोबदला मिळावा. फुकटचे आणखी एक ओझे म्हणून ते त्यांच्या माथी लादले जाऊ नये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील तज्ज्ञाने ठरलेल्या वारी बडनेऱ्यात येऊन बसावे, म्हणजे सत्तरीच्या माणसाला इर्विन रुग्णालयाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.

त्याच नोंदवहीत एक रकाना तहसिलीचाही असावा. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १५०० रुपये मिळतात की कागदावाचून अडले आहेत, हयातीचा दाखला वेळेवर गेला की नाही, मुलांनी आईबापांचा सांभाळ नाकारला असल्यास २००७ च्या कायद्याप्रमाणे उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो हे त्यांना ठाऊक आहे की नाही, सांभाळाच्या अटीवर लिहून दिलेले घर किंवा शेत ती अट मोडल्यास रद्द करून घेता येते हे कोणी त्यांना सांगितले आहे की नाही, याची विचारपूस औषधाइतकीच अगत्याची आहे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ आणि ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ हे शासनाचे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेले असावेत.

समाजाजवळही साधने आहेत. याच जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरीहून तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेची जी प्रथा गावोगाव पोहोचविली, तिचे एक मोठे सामर्थ्य असे की, तीत म्हाताऱ्या माणसालाही ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी, आपली अशी एक जागा असते. उदासीनतेत बुडालेल्या माणसाला पुन्हा लहानमोठ्या उद्योगाकडे आणि माणसांकडे वळविणे, हा आजच्या मानसोपचाराचाही मान्य उपाय आहे. प्रार्थनेला, भजनाला किंवा सकाळी स्टेशनाकडे फिरावयास नियमित येणारा एखादा ज्येष्ठ दोन दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी कोणीतरी जाऊन यावे. जेवण कमी झाले, वजन उतरले, आवडत्या वस्तू वाटून टाकण्यास आरंभ झाला, "आता काय राहिलं" हे पालुपद वाढले, तर ते वयाचे लक्षण न मानता त्याच दिवशी वैद्याला कळवावे, कारण वृद्धांतील आत्मघाताचा धोका आपण समजतो त्याहून मोठा आहे.

आणि शेवटी घर. आईने पाय दुखतात म्हटले तर पाय चेपावेतच, डॉक्टरांकडेही न्यावे, पण तेल लावता लावता, "आई, बाबा गेल्यापासून तुझी झोप उडाली ना?" एवढे विचारण्याचे धैर्य मुलाने दाखवावे, आणि उत्तर येईपर्यंत हातातील फोन खाली ठेवावा. पुण्याहून फोन करणाऱ्याने "गोळ्या घेतल्या का?" या प्रश्नावर संभाषण न संपवता एखाद्या व्यवहारात वडिलांचा सल्ला खरोखरी घ्यावा, कारण आपल्या शब्दाला अजून किंमत आहे ही जाणीव वृद्धाला उभारी देते. परंतु घराच्या सद्‌वर्तनावर हवाला ठेवून सरकारला मोकळे सोडता येणार नाही. ज्यांचे कोणी नाही, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्यांचा प्रश्न सार्वजनिक यंत्रणेनेच सोडविला पाहिजे. तीस खेड्यांत जे घडून आले ते जिल्ह्याच्या उरलेल्या गावांत आणि बडनेऱ्याच्या वस्त्यांत घडविण्यासाठी नव्या संशोधनाची गरज नाही. महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने येत्या अंदाजपत्रकात या कामासाठी स्वतंत्र तरतूद करावी, वर्षअखेर किती ज्येष्ठांना विचारले, कितींना मदत पोहोचली याचे आकडे प्रसिद्ध करावेत, आणि ते आकडे मागण्याचा आपला हक्क नागरिकांनी दरवर्षी न चुकता बजावावा.